यंत्रापुरती हवा

लोक घर बघायला जातात तेव्हा नळाला पाणी किती वेळ येतं ते विचारतात. आम्ही घर घेतलं ते एका बोर्डाकडे बघून.

बागेच्या फाटकापाशी हवा मोजायचं सरकारी यंत्र आहे. कपाटाएवढा पांढरा डबा, त्याच्यावर टोपी घातल्यासारखी एक नळी, आणि जरा पुढे खांबावर मोठा बोर्ड. बोर्डावर आकडा येतो आणि आकड्यामागे रंग. हिरवा म्हणजे हवा चांगली, पिवळा म्हणजे बेताची, लाल म्हणजे नाक दाबून घरात बसा. आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून तो बोर्ड समोर दिसायचा. डबा मात्र भिंतीआड होता. सकाळी उठलं की मी दूध तापायला ठेवायची आणि बोर्ड बघायची, याच क्रमाने.

हे सगळं बाबांसाठी. बाबांनी सारा जन्म बेकरीत भट्टीपुढे काढला. पीठ आणि धूर यांनी त्यांची छाती अशी काही भरली की निवृत्त झाल्यावर जिना चढतानासुद्धा ते मधेच थांबून जिन्याची वीट न् वीट तपासल्यासारखं करायचे, म्हणजे दम लागलाय हे कुणाला कळू नये. डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, "चालणं हेच यांचं औषध. रोज चालले तर फुप्फुसं साथ देतील. पण चांगल्या हवेत. खराब हवेत चालले तर त्याच औषधाचं विष होईल." मग मी आणखी काय करणार? बोर्ड हिरवा झाला की बाबांच्या हातात काठी द्यायची आणि खाली पाठवायचं. लाल असला की खिडक्या बंद, फटींना ओले टॉवेल, आणि त्यांची कुरकुर ऐकत बसायचं.

जागा शोधली होती खंड्याने. खंड्या म्हणजे माझा धाकटा भाऊ. लहानपणी नळाखालून हलायचा नाही म्हणून हे नाव पडलं, आणि मोठेपणी पाण्याच्या टँकरवर ड्रायव्हर झाला तेव्हा बाबा हसून म्हणाले, "पोराने नाव काढलं." हवा सुधारायची म्हणून शहराने नव्या गाड्या घेतल्या होत्या. टँकरच्या मागे तोफेसारखा पंखा, तो पाण्याचे बारीक तुषार उंच उडवतो आणि धूळ खाली बसवतो. तसल्या गाडीवर खंड्या होता. मला केवढा अभिमान! शिवायला कपडे घेऊन येणाऱ्या बायकांना मी सांगायची, "माझा भाऊ हवा धुतो."

तोच एक दिवस आला आणि म्हणाला, "ताई, बागेजवळ जागा रिकामी झालीय. लहान आहे, पण तिथल्या बोर्डाचा आकडा सगळ्या शहरात चांगला. माझी ड्युटीही तिथंच असते. बाबांकडे लक्ष राहील."

आधीचं घर मोठं होतं, माझी शिवणाची वेगळी खोली होती. माझं लग्न टिकलं नाही, शिवणयंत्र टिकलं, असं मी स्वतःच चेष्टेने म्हणते. पण खरं सांगायचं तर त्या मशीनवरच माझं घर चालत होतं आणि मीही. तरी मी एका शब्दाने कुरकुर केली नाही. मशीन बाहेरच्या खोलीत बाबांच्या पलंगाशेजारी लावलं आणि संसार मांडला.

सुरुवातीला सगळं छान होतं. बाबा खाली जायचे, बागेला फेऱ्या मारायचे, खंड्याची गाडी फाटकाशी उभी असली तर त्याच्याशी दोन शब्द बोलायचे. कधी दोघं मिळून वर चहाला यायचे. बाप-लेक शेजारी बसून बशीत चहा ओतताना बघितले की मला वाटायचं, चला, या घराने आपल्याला बरं केलं.

आणि मग बाबा खंगायला लागले.

आधी खोकला. मग रात्री उशा रचून बसून झोपणं. मग जिन्याच्या प्रत्येक वळणावर वीट तपासणं. हिरव्या बोर्डात चालून आले की त्यांचे ओठ निळसर दिसायचे. मी घाबरून त्यांना डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी छाती तपासली, फुंकायचं यंत्र फुंकायला लावलं, आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

"यांना खराब हवेत फिरवता का?"

"मुळीच नाही. बोर्ड हिरवा असेल तरच सोडते."

"मग घरात काहीतरी आहे. धूर, धूळ, ओल. शोधा. असंच चाललं तर पुढच्या वेळी दवाखान्यात ठेवावं लागेल, आणि तिथून परत जाताना ऑक्सिजनची नळी बरोबर घेऊन जाल."

मी घरी आले ती साप साप म्हणून भुई धोपटत. गादीचा कापूस बदलला. भिंतीला नवा चुना लावला. खिडकीतल्या पारव्यांना हुसकावलं. भाजणं-तळणं बंद केलं. बाबांची आवडती घोंगडी धुऊन धुऊन तिचं पायपुसणं झालं. एवढं करूनही खोकला जिथल्या तिथे. शेवटी त्या घरात एकच गोष्ट उरली जिच्यातून दिवसभर बारीक धूळ उडायची. कापड कापताना, शिवताना, उसवताना तंतू उडतात; उन्हाच्या कवडशात ते तरंगताना मी रोज बघत होते. माझं मशीन बाबांच्या उशाशी होतं.

मी खंड्याला फोन केला. म्हटलं, "मशीन बाहेर काढायचंय. बाबांना माझीच धूळ बाधतेय."

तो म्हणाला, "ताई, मशीनने काय होतंय?"

"मग कशाने होतंय? तू सांग."

"मला काय ठाऊक," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तो आला. जुनं मशीन, खाली लोखंडी पाय. त्याने आधी डोकं सोडवलं, मग पाय खांद्यावर घेऊन जिना उतरला. दारात अडकलं तेव्हा त्याच्या बोटाचं साल निघालं. मी हळद भरायला धावले, तर म्हणाला, "राहू दे गं." बाबा पलंगावर बसून बघत होते. मी पदराने डोळे पुसले तेव्हा म्हणाले, "रडतेस काय, मशीन काय परदेशी चाललंय?"

ते गेलं रस्त्यापलीकडच्या लाँड्रीत. लाँड्रीवाली माझ्या ओळखीची, स्वभावाने मिरची पण मनाने सरळ. तिने पुढच्या खिडकीपाशी जागा करून दिली. घरून काम होतं तेव्हा बायका संध्याकाळी मापं द्यायला यायच्या. लाँड्रीत कोण येणार? निम्मी गिऱ्हाइकं तुटली. पण बाबा बरे होणार असतील तर माझी ना नव्हती.

आणि त्या खिडकीत बसल्यावर मला पहिल्यांदा तो पांढरा डबा दिसला.

घरातून दिसायचा तो नुसता बोर्ड, इथून बोर्डाबरोबर डबाही दिसायचा, आणि डब्याशेजारी उभी खंड्याची गाडी. पहिल्या दिवशी मी हात हलवला. त्यानेही हलवला, पण जरा उशिराने. तोफ सुरू झाली, तुषार उडाले, उन्हात इंद्रधनुष्यसुद्धा दिसलं. मी लाँड्रीवालीला म्हटलं, "बघ, माझा भाऊ."

तिने इस्त्री खाली ठेवली नाही. "रोज बघते की."

त्या दिवशी गाडी डब्यापासून लांब गेलीच नाही. रस्त्यावर नाही, शाळेच्या बाजूला नाही, बस थांबतात त्या चौकात तर नाहीच, जिथे धुराने समोरचा माणूस दिसत नाही. डब्याभोवती गोल फिरायची, परत उभी राहायची. तोफेचं तोंड डब्याच्या नळीकडे. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी मी पाय पेडलवरून काढला आणि नुसती बघत बसले. बोर्ड लाल होता. गाडी आली, पाणी उडायला लागलं. बोर्ड पिवळा झाला. मग हिरवा. माझ्या घराच्या जिन्यातून काठी टेकत बाबा बाहेर आले.

मी लाँड्रीवालीला विचारलं, "ही गाडी इथेच का पाणी मारते?"

"अगं, वर आकडा जातो ना इथून," ती म्हणाली. "मोठ्या साहेबांना आकडा चांगला लागतो. हवेचं काय, ती थोडीच तक्रार करते? माझे पांढरे शर्ट मागच्या दोरीवर दुपारपर्यंत करडे होतात, बोर्ड हिरवा असला तरी. मला वाटलं तुला माहितीये. तुझाच भाऊ आहे."

तुझाच भाऊ आहे. माझ्या हातातलं कापड तसंच सुईखाली राहिलं. मी चप्पल न घालता रस्ता ओलांडला. बाबांना आधी दंडाला धरून फाटकातूनच माघारी वर पाठवलं. "विसरलेय काहीतरी, वर बसा," असं काहीतरी पुटपुटले. मग गाडीच्या दारावर थाप मारली.

खंड्या खाली उतरला. माझा चेहरा बघून त्याने आधी पंखा बंद केला.

"तुला माहीत होतं," मी म्हटलं.

"ताई, इथं नको."

"मशीन खांद्यावर घेऊन उतरलास तेव्हा माहीत होतं?"

तो खाली बघत राहिला. माणसाला नाही म्हणायचं असेल तर तो लगेच म्हणतो.

"ऑर्डर आहे ताई," तो शेवटी म्हणाला. "आकडा चढला की फोन येतो, आणि आम्ही गाडी आणून लावायची. मी बोललो तर उद्या या सीटवर दुसरा बसेल. आणि मला खरंच वाटलं होतं गं, एवढं पाणी मारतोय तर इथली हवा थोडी तरी बरी होतच असेल. म्हणून तर जागा बघितली."

"आणि बाबा निळे पडायला लागले तेव्हा काय वाटलं?"

"तेव्हा…" त्याने ओले हात पँटीला पुसले. "तेव्हा सांगायला उशीर झाला होता."

केसाने गळा कापणं म्हणतात ते मी आजवर नुसतं म्हणत होते. परक्याने फसवलं असतं तर मी त्याची गाडी अडवून चार माणसं गोळा केली असती. इथे दात आपले आणि ओठही आपलेच. हा पोरगा माझ्या कडेवर वाढला. आई गेली तेव्हा याला भात मी भरवला. याने मला माझ्याच बापाला रोज विषात पाठवायला लावलं, तेही काठी हातात देऊन.

मी म्हटलं, "मला ऑफिसचं काही ऐकायचं नाही. परवा बाबांना डॉक्टरांकडे न्यायचंय. तू यायचंस, आणि तुझ्या तोंडाने सांगायचंस. त्यांना कळलं तर त्या योग्य औषध देतील. बाकी तुझं तू बघ."

"सांगतो," तो म्हणाला. "शपथ ताई, सांगतो."

मी विश्वास ठेवला. बाबांना मी मुद्दाम काही बोलले नाही. मुलाने असं केलं हे कळलं तर त्यांची उरलीसुरली छाती फुटेल, असं मला वाटलं. ते दोन दिवस काहीतरी निमित्त काढून त्यांना घरात ठेवलं.

दवाखान्यात आम्ही तिघं एका बाकावर बसलो, बाबा मध्ये. आत गेल्यावर डॉक्टरीणबाईंनी पुन्हा फुंकायला लावलं, आणि या वेळी चष्मा काढूनच ठेवला.

"आणखी खाली आलंय. घरात काही सापडलं का?"

मी खंड्याकडे बघितलं. त्याने घसा खाकरला. तेवढ्यात बाबा बोलले. दोन शब्दांमध्ये श्वास घेत, पण अगदी ठाम.

"सापडलं ना. ही घरात शिवणकाम करते. माझ्या उशाशीच मशीन होतं. सगळी कापडाची धूळ."

डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे असं बघितलं की वाटलं, जमिनीने मला पोटात घ्यावं. "एवढं सांगूनही तुम्ही…"

मी अजून खंड्याकडेच बघत होते. माझी खात्री होती की आता तरी तो बोलेल. त्याने आपल्या सोललेल्या बोटाकडे बघितलं आणि म्हणाला, "हो डॉक्टर. पण आता आम्ही मशीन हलवलंय."

आम्ही!

मग मी तोंड उघडलं. टँकर, तोफ, डब्याची नळी, लाल, पिवळा, हिरवा, आणि हिरवा झाला की काठी घेऊन खाली उतरणारे बाबा, सगळं एका दमात सांगितलं. आवाज चढला असेल. बाहेरच्या बाकावरची माणसं दारातून डोकावली. डॉक्टरीणबाई ऐकत राहिल्या. मग त्यांनी फुंकायच्या यंत्राचे गेल्या काही महिन्यांतले आकडे पुन्हा चाळून पाहिले आणि हळूच म्हणाल्या, "म्हणजे हवा सगळ्यात वाईट असेल तेव्हाच यांना बाहेर काढलं गेलं." त्यांनी माझी माफी मागितली. चालणं बंद केलं, औषध बदललं, ती जागा सोडता आली तर सोडा म्हणाल्या.

पण मी बाबांकडे बघत होते. मुलाने काय केलं हे कळल्यावर त्यांना धक्का बसेल म्हणून मी त्यांचा हात धरून ठेवला होता. त्या हाताला काहीच झालं नाही. तो दचकलासुद्धा नाही.

"बाबा," मी म्हटलं, "तुम्हाला ठाऊक होतं?"

"भट्टीवर आयुष्य गेलं माझं," ते म्हणाले. "धूर नाकाने कळतो मला, बोर्ड कशाला लागतो. आणि पोरगा समोर गाडी लावून उभा असतो. मी काय आंधळा आहे?"

"मग चालत का होता?"

"नाही गेलो तर तू का म्हणून विचारणार. तू विचारलंस की खोदून काढणार. मग याची नोकरी जाणार." दम लागला म्हणून ते थांबले. "माझं काय, पिकलं पान. त्याच्या घरात बायको-पोर आहे."

"आणि माझं मशीन?"

त्यांनी खरोखर न कळल्यासारखं माझ्याकडे बघितलं. "मशीनला काय झालंय? आहे की तिथे."

त्या क्षणी मला रडू आलं नाही, संतापाने कानशिलं तापली. मरणाशी खेळ त्यांनी स्वतःच्या जिवावर केला, ते मी एक वेळ समजून घेतलं असतं. पण गादी उसवताना, पारवे हाकलताना, भिंतीला चुना लावताना, माझं मशीन जिन्यावरून उतरताना हे दोघं एकमेकांकडे बघत होते आणि मला एकटीलाच काही माहीत नव्हतं. बापाला मुलाची नोकरी दिसली, मुलाला स्वतःची. माझी रोजीरोटी कुणाच्या हिशेबात नव्हतीच. तिचं नाव त्यांनी धूळ ठेवलं होतं.

बाहेर आलो. त्यानंतर खंड्या पहिल्यांदाच बोलला, तेही बाबांच्या आडून. "ताई, ऑफिसात कळवू नकोस ना."

"नाही कळवणार," बाबाच म्हणाले. "मी सांगतो तिला."

मी रिक्षा थांबवली. बागेच्या कोपऱ्यावर ती सोडली. फाटकाशी दुसऱ्या ड्रायव्हरची गाडी नुकतीच पाणी मारून निघत होती. बोर्ड हिरवागार होता. बाकावर दोन म्हातारे बसले होते, आणि एक पोटुशी बाई आकड्याकडे बघून आपल्या सासूला म्हणत होती, "आज छान आहे, चला."

बाबांनी बोर्ड बघितला आणि त्यांच्या अंगात काय आलं कोण जाणे. माझ्यावरचा राग असेल. काठी आपटून म्हणाले, "चल रे खंड्या, एक फेरी मारू. उगाच बाऊ केलाय हिने." आणि त्याच्या दंडाला धरून फाटकाकडे निघाले.

मी अडवलं नाही. मी फक्त भावाकडे बघत उभी राहिले.

खंड्या चार पावलं गेला आणि थांबला. बाबांनी दंड ओढला. तो हलेना.

"बाबा, नको."

"का? हिरवा आहे."

"नको म्हणतो ना बाबा!" तो एवढ्या जोरात ओरडला की बाकावरचे म्हातारे वळले. "श्वास घेऊ नका इथे. चला, घरी चला." त्याने स्वतःचा रुमाल काढला आणि बापाच्या नाकातोंडावर दाबून धरला. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. बाबा रुमालाआडून काहीतरी बोलायला बघत होते, पण तो त्यांना छातीशी धरून मागे मागे नेत होता.

म्हणजे त्याला हे करता येत होतं. एवढंच तर करायचं होतं, आणि त्यासाठी त्याला कुणाची ऑर्डर लागली नाही.

ती पोटुशी बाई घाबरून उभी होती. तिने मला विचारलं, "काय झालं? हवा चांगली नाही का?"

बाबांनी रुमाल बाजूला सारला आणि माझ्याकडे बघून मान हलवली. नको, सांगू नकोस. खंड्याही माझ्याकडेच बघत होता. त्या दोघांनी माझ्याकडे इतक्या आशेने कधीच बघितलं नव्हतं.

"नाही बाई," मी म्हटलं. "हवा वाईट आहे. ती गाडी यंत्रावर पाणी मारते म्हणून बोर्ड हिरवा दिसतो. मला माहीत आहे, कारण तसलीच गाडी माझा भाऊ चालवतो."